बिनवशिंडाचे बैल

१६ नोव्हेंबर. त्या दिवशीचं काम एकच, परदेशातून आलेलं खोकं उघडायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण त्याला तीन हात लागतात. एका हातात फोन, कारण खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ नसेल तर विकणारा तक्रार ऐकूनही घेत नाही. दुसऱ्या हातात ब्लेड. तिसऱ्याने खोकं धरायचं. तिसरा हात नसल्यामुळे मी फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर चिरफाड सुरू केली.

ही सगळी खबरदारी मी मार खाऊन शिकले आहे. बारामतीत माझी छोटी डेंटल लॅब आहे. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, मी कॅपा आणि कवळ्या करून देते. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासून झाले की संध्याकाळी काहीतरी बिनदातांचं बघावंसं वाटतं. म्हणून बरीच वर्षं मी धातूच्या बोटभर ओतीव वस्तू जमवते. नांगर, टांगा, रहाट, कोंबड्या, दळणारी बाई. मला हव्या त्या मापाच्या इकडे मिळत नाहीत, परदेशातून मागवाव्या लागतात. आणि मागवल्या की फोटोतली वस्तू आणि खोक्यातली वस्तू यांचं नातं लांबच्या चुलत भावांइतकंच निघतं. एक कोंबडा आला, त्याचे दोन्ही पाय डावे. एक घोडा आला, त्याच्या पोटात भोक, कारण ओतताना धातू तिथवर पोचलाच नव्हता. एका शेतकरणीला नाक नव्हतं. तक्रार केली तर विकणाऱ्याने कळवलं की ती जरा मागे वळून बघते आहे.

असला माल मी परत पाठवत नाही. परतीचं टपाल वस्तूपेक्षा महाग पडतं, आणि माझ्याकडे घासायला, भरायला, वाकवायला लागणारं सगळं लॅबमध्ये आहेच. आता तर निम्मा छंद म्हणजे दुरुस्तीच झाला आहे.

पण हे खोकं माझ्या कपाटासाठी नव्हतं. ते भाचीच्या रुखवतासाठी होतं.

माझं माहेर सणसरचं. भाची म्हणजे माझ्या भावाची मुलगी, जनावरांची डॉक्टर. सध्या एका दूध डेअरीकडे नोकरीला आहे, म्हणजे दिवसभर संकरित गायी. डिसेंबरच्या सुरुवातीला तिचं लग्न होतं, इंदापूरच्या कार्यालयात. सासर नरसिंहपूरचं. मुलगा बँकेत आहे, पण घर बैलांचं. त्याच्या आजोबांनी, तात्यांनी, ट्रॅक्टर आल्यावरही खिल्लार जोडी ठेवली ती आजतागायत. त्या घरात येणारा माणूस आधी गोठ्यात जातो आणि मग ओसरीवर.

मुलगी बघायला आले तेव्हा मुलाच्या आत्याही आल्या होत्या. त्यांना सगळे आक्का म्हणतात. दिलेल्या टेंभुर्णीला, पण माहेरचा कारभार त्यांनी अजून सोडलेला नाही. पोहे खाताना त्यांनी विचारलं होतं, "पोरगी डॉक्टर हाय म्हणता. पण बैलाजवळ जाती, का लांबूनच गोळी लिहून देती?" सगळे हसले. भाचीही हसली, पण मला माहीत आहे, ते तिला लागलं.

रुखवताचं तर ठरलेलंच असतं. मुलीकडच्यांनी मांडायचं, मुलाकडच्यांनी बघायचं आणि नावं ठेवायची. माझ्या वहिनीने लाडवांचे मनोरे, विणकामाचे रुमाल आणि खारकांचे नवरा-नवरी करायला घेतले होते. भाची माझ्याकडे आली आणि म्हणाली, आत्या, तू तुझ्या पद्धतीनं काहीतरी कर, हंगामातली साखर कारखान्याच्या दारातली बैलगाड्यांची रांग कर. लहानपणी शाळेत जाताना ती रांग ओलांडून जावं लागायचं, तशी. मी लगेच हो म्हटलं. पुठ्ठ्याचा कारखाना, धुराडं, वजनकाटा, गवताच्या काड्यांचा ऊस, हे सगळं माझ्या हातातलं होतं. चार गाड्या आणि आठ बैल तेवढे मागवले.

गाड्या ठीक निघाल्या. मग ते आठ बैल ओट्यावर उभे केले. उभे केले म्हणजे सात उभे राहिले. आठव्याचा मागचा डावा पाय आखूड होता, तो मिठाच्या बरणीला टेकला. प्रत्येकाच्या पाठीवरून पोटाखालपर्यंत साच्याच्या जोडाची रेघ, पायांमध्ये बदकासारखी पडदी. तिघांच्या पोटात भोकं. एकाचं शिंग पिशवीच्या तळाशी वेगळं पडलेलं. इथपर्यंत मला नवल वाटलं नाही, मी मनातल्या मनात दुरुस्त्या मांडत होते. मग एकाला फडक्याने पुसायला घेतलं. अंगठा डोक्यावरून निघाला तो थेट शेपटीपर्यंत सरळ गेला. कुठे अडलाच नाही.

वशिंड नव्हतं.

सगळे तपासले. एकालाही नव्हतं. पाठी टेबलासारख्या. गळ्याखाली लोंबणारी पोळी नाही. शिंगं आखूड, सायकलच्या हँडलसारखी बाजूला गेलेली. मी विक्रेत्याचे फोटो पुन्हा उघडले. प्रत्येक फोटोत बैल गाडीला जुंपलेले होते आणि मानेवर जाडजूड जू होतं. त्याच्या मागे वशिंड असणार असं मी धरूनच चालले होते. सणसरच्या माणसाला बैल दिसला की वशिंड दिसतंच, असो वा नसो.

भाचीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन त्या कळपावरून फिरवला. आधी ती खळखळून हसली.

"आत्या, गायी कशाला मागवल्यास?"

"बैलच आहेत म्हणतो तो."

मग तिने सगळे बैल पुन्हा एकदा दाखवायला लावले. मी म्हटलं, हे बघ, मी काहीतरी करते. ती म्हणाली, "लग्नानंतर मला तिथंच दवाखाना टाकायचाय. तिथली सगळी बैलवाली मंडळी लग्नाला येणार. आक्का तर टेबलाला नाक लावून बघणार. ह्या डॉक्टरणीला बैल कसा असतो तेच म्हाईत न्हाय, असं एकदा झालं की मला गोठ्यात कोण बोलवील? नाव पडलं की निघत न्हाय, आत्या."

खरं होतं ते. आमच्याकडे माणसाला नाव एकदाच पडतं. सणसरमध्ये एका गृहस्थांच्या शेळीने एकदा ग्रामसभेचे कागद खाल्ले होते. शेळी गेली, गृहस्थ गेले, तरी त्यांच्या नातवांना अजून शेळीवाल्यांची पोरं म्हणतात.

विक्रेत्याशी पत्रव्यवहार सुरू केला. मी कळवलं की बैलांच्या पोटात भोकं आहेत, एक लंगडा आहे, एकाचं शिंग तुटलं आहे आणि सगळ्यांचं वशिंड गायब आहे. त्याचं उत्तर अदबशीर होतं. भोकं ही हाताने केलेल्या कामाची खूण आहे. तुटलेलं शिंग टपाल खात्याचं. आणि वशिंड म्हणजे काय? मी चित्र पाठवलं. त्याने उलट त्याच्या देशातल्या खऱ्या बैलांचा फोटो पाठवला, सपाट पाठीचे, गुबगुबीत, आणि लिहिलं की आमचे असेच असतात, तुमच्या जनावराला बहुतेक सूज आली आहे. वशिंडाच्या बाबतीत तो खोटं बोलत नव्हता, हे मला मान्य करावं लागलं. भोकांच्या बाबतीत बोलत होता. तीन निरोपांनंतर तो बदली माल पाठवायला तयार झाला, पण तो जानेवारीत पोचला असता. तोवर भाची सासरी रुळली असती, नाहीतर नाव पडून बसली असती.

वहिनीला सांगितलं तर तिने दोन उपाय सुचवले. पहिला, मातीचे बैल घेऊ. पण मातीचे बैल बेंदराच्या सणाला मिळतात, आता नोव्हेंबरात कुंभाराकडे माठ आणि पणत्यांशिवाय काही नव्हतं. दुसरा उपाय जास्त हुशारीचा होता. "वन्सं, त्यांच्यावर झुली टाका की. झुलीखाली कुणाला दिसतंय?" मला तो पटलाही होता, मी जरीचा तुकडा शोधायला लागले होते. भाचीने तो हाणून पाडला. उसाच्या रांगेत झूल घातलेला बैल कुणी बघितलाय का, असं म्हणाली. त्यापेक्षा बिनवशिंडाचा बरा.

मग वशिंड करणं आलं.

लॅबमध्ये कवळीच्या हिरड्या करायची गुलाबी पावडर असते. त्यावर एक उग्र वासाचं द्रव टाकलं की लगदा होतो आणि थोड्या वेळात दगडासारखा घट्ट बसतो. मी आठही बैलांच्या खांद्यांवर खरवडून जागा केली आणि एकेक गुलाबी गोळा बसवला. घासून, कोरून, चकचकीत केला. संध्याकाळभर काम करून मी समाधानाने मागे सरकले. गुलाबी वशिंडांचे आठ बैल. रंग नंतर द्यायचाच होता, आकार तर झकास जमला होता.

रविवारी भाची सणसरहून आली. एक बैल उचलून दिव्याखाली धरला, फिरवला आणि म्हणाली, "आत्या, ही दाढ हाय."

मी चष्मा लावून बघितलं. दाढच होती. वर चार उंचवटे, मधे खाच, खाली मान आवळलेली. इतकी वर्षं हाताने एकच वळण गिरवलेलं, गोळा समोर आला की बोटं दाढच करणार. आठ बैलांच्या खांद्यावर आठ खालच्या दाढा, त्याही उजव्या बाजूच्या.

भाचीने खुर्ची ओढली आणि मला शिकवायला सुरुवात केली. वशिंड गोळ्यासारखं ठेवलेलं नसतं, ते मानेतूनच वर चढतं आणि मागे उतरतं. शिवाय गाडीचा बैल खच्ची केलेला, त्याचं वशिंड वळूएवढं मोठं नसतं. हे एवढं मोठं केलंस तर तात्या म्हणतील, गाडीला वळू जुंपले. मी म्हटलं, तात्यांना एवढं लांबून कळेल? ती म्हणाली, तात्यांना बैल बघून त्याच्या आईचा स्वभाव कळतो.

आम्ही एकच बैल घेतला आणि तो नीट केला. ती बोट लावून सांगायची, मी कोरायचे. वशिंड झालं, गळ्याखाली पोळी झाली, तोंड घासून निमुळतं केलं. शिंगांना दात सरळ करायची तार वापरली, वर पातळ लेप दिला आणि मागे वळवून टोकं आत घेतली. शेवटी तिने तो हातावर उभा केला आणि एकदाच मान हलवली. मला बरं वाटलं. एखाद्या डॉक्टरांनी कॅप परत न पाठवता बसवून टाकली की वाटतं तितकं.

बाकीच्यांना एकेक करून असं घडवायला वेळ नव्हता, लॅबचं काम पडून होतं. म्हणून त्या एका बैलाचाच रबरी साचा केला आणि त्यात लगदा ओतला. पहिला बैल साच्यातून काढला. पोटात तीन भोकं, अंगाला जोडाची रेघ, पायांत पडदी. दुसराही तसाच. विक्रेत्याला लिहायला घेतलेला चौथा निरोप तिखट होता, तो मी पुसून टाकला. कामाची घाई झाली की लगद्यात हवा राहते, मग तो लगदा कुठल्याही देशातला असो. कवळ्या करताना आम्ही असा साचा कोमट पाण्यात, दाबाच्या भांड्यात ठेवतो. बैलाला कशाला, म्हणून मी तो टप्पा गाळला होता. तिसऱ्या बैलाला कवळीसारखं वागवलं आणि तो स्वच्छ आला.

त्यानंतर लग्नापर्यंत माझी संध्याकाळ बैल काढण्यात गेली. सगळे एका साच्यातले म्हणून एकाची मान जरा वळवली, एकाची शेपटी अंगाला चिकटवली. पांढरा रंग दिला, दोघांना राखाडी छटा, शिंगांना लाल हिंगूळ. घरी येणारा प्रत्येक माणूस, आधी माझ्याशी बोलायचा ते सोडून ओट्यावरच्या बैलांशी बोलायला लागला. सात झाले. आठवा साच्यातून काढताना त्याचा कान तुटला आणि साचाही फाटला. लग्न दुसऱ्या दिवशी होतं.

म्हणून मूळच्या कळपातला तो लंगडा घेतला. त्याची दाढ घासून वशिंड वाटेलशी केली, शिंगं बदलली, रंग दिला. आखूड पायाखाली सरकवायला काहीतरी हवं होतं, तिथे उसाच्या पाचटासारखी गवताची चिमूट दाबून बसवली. आणि तो शेवटच्या गाडीला, भिंतीकडच्या बाजूला जुंपला.

कार्यालयात रुखवत मांडलं. लाडवांचे मनोरे डाव्या हाताला, खारकांचं जोडपं मधे, आमची रांग उजवीकडे. धुराड्यातून कापसाचा धूर. मुलाकडची मंडळी येत होती, थांबत होती, ऊस मोजत होती. एका माणसाने वजनकाट्याकडे बोट दाखवून दुसऱ्याला विचारलं की ह्यात पण काटा मारतात का रे, आणि दोघं हसत जेवायला गेले. बैलांकडे बघून कुणी काही बोललं नाही. बैल बैलासारखे असले की कुणी बोलत नाही. मी निर्धास्त झाले.

आक्का आल्या. आधी रुमाल उलटे करून गाठी बघितल्या. मग रांगेशी आल्या, वाकल्या आणि पहिल्या गाडीपासून एकेक बैल बघत गेल्या. शेवटच्या गाडीशी थांबल्या. बोटाच्या टोकाने पाचट बाजूला सारलं. बैल किंचित कलला.

"हे बघा," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "डॉक्टरीणबाईंचा बैल लंगडतोय."

 वहिनीच्या हातातलं पानाचं तबक तसंच राहिलं. नेमकी त्याच वेळी भाची फोटोसाठी तिथे आणलेली, मुंडावळ्या बांधलेली, अंगावर शालू. मागे तात्या काठी टेकून उभे. माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं की अहो, तो ओतीव माल आहे, परदेशातून सदोष आला, माझ्याकडे व्हिडिओ आहे. कुणाला काय त्या व्हिडिओचं.

भाची पुढे झाली. शालू सावरत वाकली आणि बैलाकडे नीट बघितलं.

"लंगडतोय खरा. मागचा डावा," ती म्हणाली. "आक्का, लंगडा बैल घरात असतोच कुठं ना कुठं. म्हणून तर डॉक्टरीण पायजे."

कुणीतरी हसलं. आक्का सहजासहजी सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. "तुमच्याकडं असंल. आमचा न्हाय लंगडत कुठला."

"लंगडतोय की," तात्या मागून म्हणाले. "पवळ्या. चार दिस झालं. तुला कुठनं कळणार, तू गोठ्यात येतीस कवा?"

आता सगळेच हसले, आक्कासुद्धा, जरा उशिराने. तात्यांनी काठी पुढे सरकवली आणि भाचीला विचारलं, चेष्टेत नव्हे, की खूर दुखत असलं तर कशानं कळतं. ती सांगायला लागली. फोटोवाला दोनदा म्हणाला, मॅडम इकडे बघा. ती बघेना. पायाला हात लावून गरम लागतं का, जमिनीवर पूर्ण टेकवतो का टोकावर धरतो, उठताना आधी कुठला पाय उचलतो, असं ती विचारत होती आणि तात्या उत्तरं देत होते. त्यांच्याभोवती फेट्यातली चार-पाच माणसं जमली. एकाने स्वतःच्या म्हशीचं काढलं. शेवटी मुहूर्ताची घाई झाली म्हणून भटजींनीच हाक मारली.

"सकाळच्याला बघा त्याला," तात्या निघताना म्हणाले.

"बघते," भाची म्हणाली.

तिच्याबरोबर पाठराखीण म्हणून मीच नरसिंहपूरला गेले. वहिनीला तिथे रडू आलं असतं, मला तशी सवय नाही. गाडीत तिने एकदा माझा हात दाबला आणि झोपून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सत्यनारायणाला बसायच्या आधी, भाचीने मला उठवलं. तिची औषधांची पेटी रुखवताच्या खोक्यांबरोबरच आली होती, ती लाडवांच्या खालून ओढून काढली. गोठ्यात तात्या आधीच उभे होते. पवळ्या म्हणजे भिंतीएवढा पांढरा बैल, हिंगुळी शिंगांचा. भाचीने साडीचा काचा मारला, मेंदीच्या हाताने त्याच्या मागच्या पायावर थोपटलं आणि पाय उचलायला लावला. नख्यांच्या फटीत खडा रुतून बसला होता आणि भोवती चिघळलं होतं. कुणीतरी डोक्याकडे धरायला हवं होतं. तात्यांचे हात आता थरथरतात. दारात दोन शेजारी येऊन उभे राहिले होते, ते नुसते बघत होते.

मी पदर खोचला आणि वेसण धरली. बैलाने एकदा मान झटकली, माझ्या चष्म्यावर फुस्कारला आणि उभा राहिला. भाचीने खडा काढला, जखम धुतली, औषध भरलं. दारातल्या शेजाऱ्यांपैकी एकाने विचारलं, डॉक्टरीणबाई, पूजा झाल्यावर जरा आमच्याकडं पण येता का. ती म्हणाली, येते.

तिने पाय खाली सोडल्यावर मी वेसण तात्यांच्या हातात दिली, हात धुतले आणि फोन काढून पुढच्या साच्यासाठी बैलाचे चारही बाजूंनी फोटो घेतले.